क्षेत्रफळाच्या रकान्यात

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात शेवटी एक तक्ता असतो. देश, राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या. मुलं तो घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मला त्यातला क्षेत्रफळाचा रकाना वाचायला आवडतो. एखादा देश एवढाच का, याची हकिकत त्या आकड्यामागे असते.

युरोपातलं सान मारिनो घ्या. सभोवार इटली. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या जेमतेम दहावा हिस्सा. हा आकडा १४६३ पासून हललेला नाही. हलवायची संधी आली होती. १७९७ मध्ये इटलीत घुसलेल्या नेपोलियनने या डोंगरी प्रजासत्ताकाला आणखी मुलूख देऊ केला. त्यांनी आभार मानले आणि जमीन नाकारली. नेपोलियन आज आहे, शेजारी कायमचा, एवढं त्यांना कळत होतं. पुढे नेपोलियन गेला, युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला, सान मारिनो जागच्या जागी राहिलं. तिथे दोन राष्ट्रप्रमुख असतात आणि दर सहा महिन्यांनी बदलतात. खुर्ची ऊबदार व्हायलाही सवड नाही!

आफ्रिकेतल्या लेसोथोला अशी निवड करता आली नाही. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका असलेला हा देश ३०,३५५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे दहाव्या भागाएवढा. १८२४ मध्ये मोश्वेश्वे नावाचा सरदार थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेला. गडकोटांत वाढलेल्या आपल्या लोकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लढायांनी उधळलेल्या टोळ्यांना त्याने आसरा दिला, त्यातून बासोथो समाज उभा राहिला. बोअर वसाहतवाल्यांना डोंगर घेता आला नाही. कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन मात्र त्यांनी घेतली. १८६८ मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण पत्करलं. म्हणून १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा हा मुलूख त्याबाहेर राहिला आणि १९६६ मध्ये स्वतंत्र झाला. जमीन गेली, उरले डोंगर. त्या डोंगरांतलं पाणी आता दक्षिण आफ्रिका विकत घेते.

प्रशांत महासागरातल्या नऊरूचा आकडा आहे २१. हा मात्र फसवा. १९०७ पासून या बेटावर फॉस्फेटची खाण चालली. आधी जर्मन अमलात, मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या हाती. बेटाची माती जहाजात भरून परक्यांच्या शेतांना खत म्हणून गेली. मागे उरले चुनखडीचे अणकुचीदार सुळके. सुमारे चार पंचमांश भूमी अशी खरवडली गेली. माणसं राहतात ती किनाऱ्याच्या पट्टीवर. स्वातंत्र्यानंतर खाण नऊरूच्याच हाती आली, पैसा वाहू लागला, मेलबर्नला उंच इमारत उभी राहिली. फॉस्फेट सरत आलं तशी कर्जं वाढली, आणि २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. जमिनीच्या नासाडीबद्दल नऊरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड करून भरपाई मान्य केली.

शेजारचा लोकसंख्येचा रकानाही इथे वाचावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १,२०० नऊरूवासीयांना दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. उपासमार आणि रोगराईतून ७३७ जण वाचले. ते मायदेशी परतले ३१ जानेवारी १९४६ रोजी. बावीस वर्षांनी, १९६८ मध्ये, देश स्वतंत्र झाला तोही ३१ जानेवारीलाच.