रॉ प्रतिमांचे रूपांतरण

रॉ प्रतिमांचे रूपांतरण : डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली, संस्कार न झालेली नोंद जेपेग, टिफ, डीएनजी अशा अन्य फाइल-प्रकारांत उतरवण्याची क्रिया. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीफिल्मची आरएएफ अशी रॉ फाइल दर कंपनीची वेगळी असते आणि तिची आतली मांडणी बहुतेक कंपन्या उघड करत नाहीत.

रॉ फाइलीत तयार चित्र नसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ती तिच्यासोबत ठेवलेली जेपेग. बहुतेक सेन्सरांवर कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी योजलेली रंगगाळण्यांची जाळी असते (अमेरिकी पेटंट १९७६) : दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. त्यामुळे प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचे माप मिळते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. याला डिमोझेइकिंग म्हणतात. खणाच्या बारीक विणीवर मुळात नसलेले रंगीत पट्टे फोटोत उमटतात, ते बरेचदा हा अंदाज फसल्याने. पुढे व्हाइट बॅलन्स लावायचा आणि उजेड-सावलीची चढण ठरवायची. सेन्सरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असल्याने जसेच्या तसे दाखवले तर चित्र काळवंडलेले दिसते.

जेपेग करताना हे सारे निर्णय पक्के होतात. १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. पिवळ्या दिव्यांखाली काढलेले हळदीचे फोटो रॉमध्ये असतील तर व्हाइट बॅलन्स मागाहून बदलता येतो, कारण तिथे तो केवळ टिपण म्हणून नोंदलेला असतो. जेपेगमध्ये फारच थोडी डागडुजी होते. १६ बिटांची टिफ पुष्कळ काही राखते, पण २४ मेगापिक्सेलच्या एका चित्राला, न दाबता, सुमारे १४४ मेगाबाइट जागा खाते.

डीएनजीची गोष्ट निराळी. टिफच्या मांडणीवर बेतलेला हा खुला प्रकार अडोबीने २००४ मध्ये आणला. त्यात रूपांतर करताना सहसा बेयर-जाळीचे आकडे तसेच राहतात, फक्त बांधणी बदलते. लायका आणि पेंटॅक्स यांनी कॅमेऱ्यातच तो दिला. अ‍ॅपलची प्रोरॉही (२०२०) डीएनजीच, मात्र तिच्यात डिमोझेइकिंग आधीच उरकलेले असते. कॅनन, निकॉन आणि सोनी आपापल्या प्रकारांना धरून राहिले. निकॉनने डी२एक्स या कॅमेऱ्याच्या फाइलींत व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक केली, तेव्हा २००५ मध्ये फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. अशा बंद फाइली सर्वांना उघडता याव्यात म्हणून डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून लिहिलेला डीसीरॉ हा छोटेखानी प्रोग्रॅम पुढे अनेक मुक्त सॉफ्टवेअरांचा पाया ठरला. या क्षेत्रात एकट्या माणसाचे एवढे मोठे काम दुसरे क्वचितच सापडेल.

डीएनजी केल्यावर मूळ फाइल लगेच पुसू नये. कॅमेरा-कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरे अशी डीएनजी सहसा उघडत नाहीत. मूळ रॉ डीएनजीच्या पोटात ठेवण्याची सोय अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरमध्ये आहे, पण त्याने फाइल जवळजवळ दुप्पट होते.