विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

वाघोटनची खाडी जेथे सागराला मिळते, तेथे विजयदुर्गाचा किल्ला उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे एके काळचे बळकट ठाणे. १७५६ साली इंग्रजांनी ते घेरून घेतले, ही कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु या किल्ल्यात तोफा आणि तटबंदी यांच्याशी काहीही संबंध नसलेली एक लहानशी वास्तू आहे. ती म्हणजे चार-दोन दगडी चौथरे. आसपासचे लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. कोणी एक साहेब येथे आला, त्याने या ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि सूर्यात हेलियम नावाचा वायू शोधून काढला, असे तेथे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ ही त्या शोधाची तिथी म्हणून दाखविली जाते आणि अलीकडच्या काळात त्या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा झालेला आहे.

ही आख्यायिका अभिमान वाटावा अशीच आहे. पण इतिहासाची कसोटी लावली की तिच्यात दोन निरनिराळी ग्रहणे एकत्र मिसळलेली आढळतात. एक १८६८ चे आणि दुसरे १८९८ चे. दोन्ही खग्रास सूर्यग्रहणे होती, दोन्हींची छाया याच भूभागावरून गेली आणि दोन्हींशी सर नॉर्मन लॉकियर या ज्योतिर्विदाचे नाव निगडित आहे. दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर पडलेले आहे, एवढेच लोकस्मृतीच्या ध्यानात राहिले नाही.

१८६८ चे ग्रहण श्रावण अमावास्येला लागले. कोकणात ते दिवस धुवाधार पावसाचे. म्हणून निरीक्षकांनी आपले तळ घाटमाथ्याच्या पूर्वेस, शक्य तितके कोरड्या मुलखात टाकले. फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रजांच्या बाजूने मेजर टेनंट हे आंध्रातील गुंटूर येथे होते. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला होते. पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल आले होते. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या थोर विल्यम हर्शेल यांचे हे नातू. ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात काम करीत होते. जमखंडीस ढगांनी त्यांची बरीच निराशा केली, तरी मध्येच मिळालेल्या फटीतून त्यांनी वर्णपटदर्शक यंत्र सूर्याकडे रोखले आणि सूर्यबिंबाच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. विजापुरासही एक निरीक्षक होते. सूर्यावरील त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, जान्सेन यांनी गुंटूर येथे त्याच रेषा पुन्हा पाहून दाखविल्या.

लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच. ते लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करीत होते आणि फावल्या वेळात आकाश पाहत होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी आपल्या नव्या यंत्रातून त्यांनीही ग्रहणावाचून त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे आणि त्यांचे पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचले गेले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक गोड योगायोग होय. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या प्रसिद्ध जोडरेषांच्या शेजारीच ती होती, पण त्यांपासून वेगळी. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी तिचा मेळ बसेना, तेव्हा लॉकियर यांनी ती एका अज्ञात मूलद्रव्याची मानली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झे यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू प्रत्यक्ष मिळविला, तेव्हा त्या अनुमानावर शिक्कामोर्तब झाले. या सर्व कथेत विजयदुर्ग कोठेही येत नाही.

मग ते ओटे कोणाचे? ते आहेत १८९८ चे. शके १८१९ ची पौष अमावास्या, शनिवार, २२ जानेवारी १८९८ हा तो दिवस. आफ्रिकेवरून निघालेली चंद्राची छाया अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्याला लागली आणि दख्खन, वऱ्हाड, मध्य हिंदुस्थान, बक्सर अशी हिमालयाकडे गेली. जानेवारीचा महिना असल्याने आभाळ निरभ्र राहण्याची खात्री जवळजवळ पूर्ण होती. युरोप-अमेरिकेतील निरीक्षकांना अशी संधी क्वचितच मिळते. लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला तो किल्ल्याच्या पराक्रमासाठी नव्हे, तर त्याच्या बंदरासाठी. जेथे खोल पाण्यात युद्धनौका नांगरता येते, तेथे जड पेट्या उतरविता येतात आणि नौकेवरील माणसे हाताशी मिळतात. ‘मेल्पोमेनी’ नावाची ब्रिटिश युद्धनौका या कामी देण्यात आली होती.

माणसांची एवढी गरज का लागावी, असा प्रश्न सहजच उठेल. त्याचे उत्तर ग्रहणाच्या स्वरूपातच आहे. वेधशाळेतील ज्योतिर्विदाची आजची रात्र फुकट गेली तरी त्याला उद्याची रात्र असते. ग्रहणासाठी उभारलेली वेधशाळा मात्र केवळ दोन मिनिटांसाठी उभारलेली असते. विजयदुर्गावर सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता तो सुमारे दोनच मिनिटे. तेवढ्यात निरनिराळ्या यंत्रांनी काचेमागून काच टिपायची, उघडझाप सेकंदाच्या हिशेबाने करायची आणि चूक झाली तर ती सुधारण्याची संधी नाही. दोन-चार पंडितांच्या हातून हे होणे शक्य नव्हते. त्याला पलटणीची शिस्त पाहिजे होती.

ही युक्ती लॉकियर यांनी दोन वर्षांपूर्वीच आजमावली होती. ९ ऑगस्ट १८९६ चे ग्रहण पाहण्यास ते नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला गेले होते. तेथेही एका युद्धनौकेच्या खलाशांना त्यांनी निरीक्षणाचे धडे दिले. प्रत्येकाचे काम ठरले, तालमी झाल्या आणि ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकून टाकला. हाती काही आले नाही. तथापि शिकविण्याची पद्धत खरी होती, हे त्यांना कळून चुकले होते. १८९७ मध्ये झालेल्या आणि पुढे होणाऱ्या ग्रहणांविषयी त्यांनी एक पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यानंतर ते विजयदुर्गास आले, ते अपयशातून घेतलेला हा पाठ बरोबर घेऊन.

अशा छावणीतील तयारी कशी चाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम पाया. दुर्बीण केसभर हलली तरी काच वाया जाते, म्हणून यंत्राखाली भक्कम बांधकाम लागते. ओट्यांचे प्रयोजन तेच. मग दक्षिणोत्तर रेषा अचूक आखून यंत्रे तिच्याशी जुळवायची. रात्री ताऱ्यांवर रोखून भिंगांची जुळणी तपासायची. छायाचित्रांच्या काचा ऊन, धूळ आणि ओल यांपासून जपायच्या, त्या धुण्यासाठी अंधारी खोली उभारायची. घड्याळे रोज मिळवायची. आणि मग तालीम. एकाने घड्याळाकडे पाहून उरलेले सेकंद मोठ्याने सांगायचे, दुसऱ्याने काच पुढे करायची, तिसऱ्याने झाकण काढायचे व ठरलेल्या आकड्यावर लावायचे, चौथ्याने वापरलेली काच बाजूला ठेवायची. हेच दिवसातून अनेकदा, हात आपोआप चालू लागेपर्यंत.

ज्यांना यंत्र मिळाले नव्हते त्यांनाही काम होते. काहींनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे, म्हणजे किरीटाचे, रेखाचित्र काढायचे होते. त्यांचे डोळे मंद तेजालाही सरावावेत म्हणून ग्रहण खग्रास होण्यापूर्वी ते बांधून ठेवण्याची रीत होती. काहींनी तारे मोजायचे, काहींनी समुद्राचे आणि डोंगरांचे बदलते रंग टिपायचे. आकाशातील त्या अद्भुत दृश्याकडे पाठ फिरवून केवळ घड्याळाकडे किंवा पेटीकडे पाहत राहणे, हाही अनेकांच्या वाट्याला आलेला धर्म होता.

मुख्य साधन होते ते लोलक-कॅमेरा. साध्या वर्णपटदर्शकात प्रकाश एका अरुंद फटीतून घेतात. येथे फटच नसते, भिंगापुढे काचेचा लोलक बसवितात. सूर्य झाकला जाता जाता त्याची जी अगदी बारीक चंद्रकोर उरते, तीच फटीचे काम करते. त्यामुळे प्रत्येक द्रव्याची रेषा सरळ न येता कोरीच्या आकाराने काचेवर उमटते. सूर्यबिंबालगतच्या वायूंच्या थराचे हे वर्णन जेमतेम क्षणभर टिकते. झाकण एक सेकंद उशिरा निघाले तर ते कायमचे निसटले.

विजयदुर्ग हे एकच ठाणे नव्हते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपल्या पत्नीसह आले होते. त्यांच्यापाशी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याचे भिंग उंचावर बसवून खाली छायाचित्राची काच घड्याळाच्या यंत्राने सूर्याच्या गतीने सरकवीत. त्या काचेवर सूर्याचे बिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे पडे. त्याच जेऊरला पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपली तुकडी घेऊन उतरले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील हे अध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी साहाय्यातून त्यांनी पुण्यास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी एका भारतीय वेधशाळेची छावणी बरोबरीने उभी राहिली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. वऱ्हाडात तळणी येथे मॉन्डर दांपत्य होते. त्यांपैकी ॲनी मॉन्डर यांनी एका लहानशा भिंगाने किरीटाचा एक अतिशय लांब किरण टिपला. पुलगाव आणि नागपूरजवळील घोगली येथेही ठाणी होती.

हे सारे घडत होते तो काळ महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठा कठीण होता. मुंबई-पुण्यास प्लेगने हाहाकार उडविला होता. १८९७ च्या जून महिन्यात पुण्यास रँडचा वध झाला आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. मृग नक्षत्राच्या आधारे वेदकाल ठरविणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये लिहिणारे टिळक, महाराष्ट्रावरून खग्रास ग्रहणाची छाया गेली त्या दुपारी कारावासात होते. ज्या सत्तेने विजयदुर्गास युद्धनौका पाठविली, तिनेच आकाशाच्या या अभ्यासकाला कोठडीत ठेवले होते. ही दोन्ही चित्रे त्या काळाच्या इतिहासात शेजारी शेजारीच ठेवावी लागतात.

२२ जानेवारीची दुपार स्वच्छ उजाडली. किनाऱ्यापासून बक्सरपर्यंत सर्व प्रमुख ठाण्यांना आकाश निरभ्र मिळाले. दोन मिनिटे संपली आणि काचा धुतल्या गेल्या, तेव्हा तालमींचे चीज झाल्याचे दिसून आले.

त्या काचांनी जे दिले त्यांतील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सूर्यकिरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. १८६९ च्या अमेरिकेतील ग्रहणात ती प्रथम दिसली. तिची जागा लोखंडाच्या एका परिचित रेषेवर, म्हणजे सुमारे ५३१७ आंग्स्ट्रॉमवर पडते, असे जवळजवळ तीस वर्षे सर्वजण धरून चालले होते. आंग्स्ट्रॉम हे प्रकाशलहरीची लांबी मोजण्याचे माप, मिलिमीटरचा एक कोट्यंश. १८९८ च्या छायाचित्रांनी, आणि त्यांत विजयदुर्गाची छायाचित्रेही होती, ही चूक उघडकीस आणली. ती रेषा ५३०३ च्या जवळ होती. फरक चौदा आंग्स्ट्रॉमांचा. डोळ्यांनी घाईत घेतलेल्या मापात तो लपून राहिला होता, काचेवर लपू शकला नाही. लोखंडाशी जोडलेले नाते तुटले आणि हिरवी रेषा एकाएकी अनाथ झाली. हेलियमच्या धर्तीवर तिच्यासाठी ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पिले गेले होते.

पुढे चार दशके ते कोडे सुटले नाही. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या संशोधनाने त्याचा उलगडा झाला. रेषा लोखंडाचीच होती, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. लोखंडाची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांच्या घरात तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे सहा हजार अंशांचा, आणि त्यावरील विरळ किरीट मात्र लाखो अंशांचा, हे आश्चर्य तेव्हा जगापुढे आले. रेषेची जागा आधी बिनचूक ठरली नसती, तर हा उलगडा होणे शक्य नव्हते.

तेव्हा विजयदुर्गाच्या ओट्यांना मान द्यावयाचा तो पिवळ्या रेषेसाठी नव्हे, हिरव्या रेषेसाठी. पिवळ्या रेषेच्या कथेत आपल्या बाजूचा वाटा शोधायचाच, तर तो गुंटूर आणि जमखंडी यांना द्यावा. खरा इतिहास सांगितल्याने किल्ल्याचे काहीही उणे होत नाही. पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर बंद झाली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. जेऊर आणि तळणी येथील छावण्या ग्रहण होताच उठल्या. विजयदुर्गावर मात्र दगडी ओटे राहिले. दोन मिनिटांच्या कामासाठी माणसांनी किती पक्का पाया घातला होता, हे ते आजही दाखवितात. त्यांच्याजवळ १८६८ ऐवजी १८९८ हा आकडा लिहिला गेला, तर त्या माणसांच्या श्रमांना न्याय मिळेल.