पायातला ब्रेक

"पुढचा बिरेक नोको दाबू बे, उलटा पडशीन." वऱ्हाडात मोटरसायकल शिकणाऱ्या पोराला हा धडा क्लचच्याही आधी मिळतो. मग रस्त्यात अचानक बैल आडवा आला की उजवा पाय पेडलवर उभाच राहतो, मागचं चाक जाम होतं आणि डांबरावर काळा पट्टा ओढत गाडी आडवी होते. पुढच्या ब्रेकची ही धास्ती आली कुठून?

तिचं मूळ इथल्या जमिनीत आहे. कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावरचा रस्ता फार काळ सपाट राहत नाही. गावचा रस्ता म्हणजे मुरूम आणि वर सुटी गिट्टी. पावसाळ्यात शेतातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो. टायरच्या खाचा त्याने बुजल्या की रबर रस्त्याला नीट लागतच नाही. अशा जागी पुढचं चाक जाम झालं तर हँडल हातात राहत नाही; मागचं घसरलं तर पाय टेकून सावरता तरी येतं. जुन्या माणसांचा हिशेब त्या रस्त्यापुरता बरोबर होता.

गाड्यांनी तो पक्का केला. साठच्या दशकात आलेली एस्कॉर्ट्सची राजदूत दूधवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या कामाची. पण तिचे दोन्ही ब्रेक ड्रमचे, पुढचा तारेवरचा. तार सैल पडली, ड्रममध्ये धूळ-पाणी शिरलं की कधी पकडच नाही, तर कधी एकदम झटका. 1972 साली आलेल्या बजाज चेतकची चाकं 10 इंची, आणि तिथेही भिस्त पायावरच. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना जाणता माणूस गाडी खालच्या गिअरवर ठेवतो, कारण सतत दाबलेला ड्रम तापून पकड सोडतो.

पुढे 1999 ची सीबीझेड आणि 2001 ची पल्सर यांच्याबरोबर पुढच्या चाकाला डिस्क रुळली. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरली गेली आणि गिनीज बुकात नोंदली गेली. ब्रेक बदलला, रस्ता बदलला, वेग वाढला; धडा मात्र तोच राहिला.

तो आता महागात पडतो. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि त्याची पकड घटते. ताशी 60 च्या वेगात, कोरड्या डांबरावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला अंदाजे 40 मीटर लागतात. दोन्ही नीट वापरले तर 20 च्या आसपास. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले 17 मीटर वेगळेच.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक-यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना तेव्हा निदान सीबीएस सक्तीचं झालं: मोटरसायकलचा मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणजे पायाची सवय मोडण्याऐवजी यंत्रानेच तिच्याशी जुळवून घेतलं. पण हा 'थोडा' पुरत नाही. पुढचा ब्रेक आधी हलका धरायचा, शॉकअप दबला की जोर वाढवायचा, चाक जाम होतंय असं वाटलं की किंचित सैल सोडायचं, हे हातालाच शिकावं लागतं. चिखल-गिट्टीवर मात्र आधीच वेग उतरवावा. तिथे म्हाताऱ्यांचं अजूनही खरं आहे.