अनुदान आणि अंकुश

लोकहिताचे काम संस्थेने करावे, त्यास द्रव्य सरकारने द्यावे, आणि त्या द्रव्याचा विनियोग सरकारने तपासावा, ही व्यवस्था आमच्याकडे १८५४ सालच्या वुडच्या खलित्यापासून रूढ झाली. अटी मोजक्या होत्या : शाळेत ऐहिक विषयांचे शिक्षण चांगले मिळावे, कारभार स्थानिक जबाबदार मंडळींच्या हाती असावा, विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घेतली जावी, आणि सरकारी तपासनिसास शाळा खुली असावी. शाळेत कोणती धर्ममते शिकविली जातात, ह्याची मात्र त्याने दखल घेऊ नये. काय तपासावे व काय तपासू नये, ह्यांमधील रेषा अशी प्रारंभीच आखली गेली होती.

अनुदानच न घेतले म्हणजे अंकुश टळेल, असे कोणास वाटेल. परंतु प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणासाठी लोकाश्रयावर उभे होते. तरी १९१० साली सरकारने ते बंद पाडलेच.

सरकार परके होते म्हणून असे घडले, हे समाधानही पुरेसे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. स्वराज्य आल्यावर, १९४८ साली, मुंबई सरकारने तिचे अनुदान थांबविले. रोष भाऊरावांच्या मतांवर होता. झळ मात्र खेड्यापाड्यांतील गरीब मुलांस लागावयाची होती. अखेर गाडगेमहाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, तेव्हा अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्या हक्कासाठी संताची रदबदली लागते, तो हक्क नव्हे, मेहेरबानी होय.

अंकुश नसावाच, असे आमचे म्हणणे नाही. रयतेच्या करातून दिलेल्या पैशाचा पैन् पै हिशेब रयतेस मिळालाच पाहिजे. केवळ सेवाभावाच्या नावावर कीर्दखतावणी झाकून ठेवता येणार नाही. पण तपासनिसाने वही पाहावी, शाळा पाहावी, मुलांची प्रगती पाहावी; चालकाचे मन तपासू नये. संस्थांनीही एकाच दाराशी झोळी पसरू नये. भाऊरावांच्या कार्यास घरोघरच्या मूठमूठ धान्याचा आधार होता. ते धान्य थोडे खरे. पण ते देणाऱ्या हातांस संस्था आपली वाटे, आणि असे हात मागे असले म्हणजे सरकारासमोर ताठ मानेने उभे राहता येते.