सोंगाचा आडपडदा आणि ‘मित्राची गोष्ट’

पेण-रोह्याकडील रसिकांस स्त्रीवेषांतील पुरुष हें दृश्य नवलाचें कधींच नव्हतें. कोकणच्या नमनांत गवळणीचें सोंग पुरुषानेंच घ्यावयाचें. गांव हंसतो, दाद देतो आणि कोणासही त्यांत वावगें दिसत नाहीं. नागर रंगभूमीवर हीच रीत नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनीं कळसास नेली. ‘मानापमाना’तील त्यांची भामिनी आणि ‘एकच प्याल्या’तील सिंधू पाहून घरंदाज स्त्रियांनीं लुगड्यांची आणि केशरचनेची ढब उचलली. रंगमंचावर प्रियकर पुरुष, प्रेयसीही पुरुष. तरी प्रेक्षागृहांत चलबिचल होत नसे. सोंग हा नट व प्रेक्षक यांनीं आपसांत मान्य केलेला करार होता. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या आणि तो करार हळूहळू संपुष्टांत आला.

पण सोंगावांचून तेंच प्रेम पुढें आलें तर? हा प्रश्न विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’नें १९८१ सालीं विचारला. कुलाबा जिल्ह्याचें रायगड असें नामांतर झालें तें हेंच वर्ष. नांवांतच मौज आहे: ही गोष्ट कोणा मित्राची नव्हे, सुमित्रा ऊर्फ मित्रा या महाविद्यालयीन मुलीची. काळ स्वातंत्र्यापूर्वींचा. मित्राचें मन नमा नांवाच्या मुलीवर जडतें, आणि सारा वृत्तांत सांगतो बापू, तिचा भाबडा, पण शेवटपर्यंत पुरा न पडणारा सोबती. रोहिणी हट्टंगडी यांनीं ती भूमिका केली. येथें मित्रा कोणाचें सोंग घेत नाहीं. म्हणून प्रेक्षकालाही लपावयास जागा उरत नाहीं.

कोरियांतील ‘कॉफी प्रिन्स’ या २००७ सालच्या दूरचित्रवाणी-मालिकेची युक्ति नेमकी उलट आहे. नायिका मुलाच्या वेषांत नोकरी करते. नायक तिला मुलगाच समजून प्रेमांत पडतो आणि तें स्वतःशीं कबूलही करतो. पुढें ती मुलगी असल्याचें उघड होतें आणि सर्वांचाच जीव भांड्यांत पडतो. चतुर तोड खरी, पण मित्राच्या वांट्यास अशी सुटका नव्हती. तेंडुलकरांनीं तिला मृत्यूच दिला. समाजाची निर्दयता दाखविण्यास तो शेवट समर्थ आहे; परंतु मित्राच्याच वयाच्या ज्या मुलीनें तें नाटक स्वतःला शोधीत पाहिलें असेल, तिच्या हातीं काय लागलें असेल, हा विचार टीकाकारांनीं अधिक करावयास हवा होता. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमांतून प्रौढांचे परस्परसंमत संबंध सर्वोच्च न्यायालयानें वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजीं.

त्याच्याही आधीं, २००६ सालीं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी निघाली. भाऊ आणि बहीण घरांतल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमांत पडतात, आणि तो दोघांसही सोडून जातो. यांतील तनय रडतो, झुरतो, पण जगत राहतो.