तळटीप ३८ : अवचितगड व घोसाळगड

मूळ लेखक रोह्यानजीकच्या या दोन गडांना मराठी राज्य आणि सिद्दी यांच्यातली सीमारेषा म्हणतो. रेषा म्हणण्यापेक्षा हा वसुलीवरून झगडणाऱ्या दोन सत्तांचा पट्टा होता, असे मला वाटते. जंजिरेकर सिद्दींच्या कोकणातल्या स्वाऱ्या मुलूख राखण्यापेक्षा लुटीसाठी, माणसे धरून नेण्यासाठी होत. गाव उठले की समोरच्याचा महसूल आपोआप बुडे. पोलंडच्या दक्षिण सरहद्दीवर उस्मानी सुलतानाचे मांडलिक असलेले क्रिमियाचे तातार नेमके हेच करीत. यावर कोणी म्हणेल, दोन्हीकडे झुंज धर्माचीच होती. धर्माची भाषा होती, हे खरे. पण एप्रिल १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले, तरी तडजोडीत अकरा महालांवर दुअंमल आला, म्हणजे वसूल वाटून घेण्याचे ठरले. धर्मयुद्धाचा शेवट असा होत नाही. तुलना मात्र किनाऱ्यापाशी थांबते. पोलंडच्या त्या सरहद्दीवरचा कामेनेत्सचा किल्ला तुर्कांनी १६७२ मध्ये घेतला आणि १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहाने परत दिला. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच लागला नाही, कारण त्याची रसद समुद्रावरून येई आणि सुरतेहून मोगलांचा पैसाही.