तूर आज विकावी की ठेवावी? करमाळ्यातल्या शेतकऱ्याला हिशेब कसा मांडता येईल?

जानेवारीत तुरीची मळणी उरकते, पोती ओसरीत थप्पीला लागतात आणि करमाळा तालुक्यातल्या कोरडवाहू गावांत घरोघर एकच प्रश्न निघतो. माल आत्ताच आडतीला घालायचा की थांबायचं? शेजारच्याने गेल्या वर्षी थांबून चार पैसे जास्त कमावलेले असतात. त्याच्या आदल्या वर्षी थांबलेला कुणीतरी निम्म्या भावात माल देऊन आलेला असतो. दोघांचंही म्हणणं खरं असतं, म्हणूनच निर्णय होत नाही.

करमाळा हा सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. पश्चिमेला उजनीच्या फुगवट्याचं पाणी पोहोचलेल्या गावांत ऊस आणि केळी दिसते. बाकीच्या बऱ्याच भागात मात्र पावसावरची पिकं: खरिपात उडीद आणि तूर, रब्बीत ज्वारी. उसाला कारखाना असतो, केळी पिकली की थांबता येत नाही. धान्य आणि कडधान्याचं तसं नाही. ते ठेवता येतं, म्हणूनच कधी विकायचं हे ठरवावं लागतं.

तीन हंगाम, तीन उत्तरं

२०१५ च्या दिवाळीआधी किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. तो भाव डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या खरिपात देशभर तुरीचा पेरा वाढला, पाऊसही साथीला आला. देशाचं तुरीचं उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे २५.६ लाख टन होतं, ते २०१६-१७ मध्ये ४८.७ लाख टनांवर गेलं. बोनससह हमीभाव होता ५,०५० रुपये क्विंटल आणि बाजारभाव त्याच्या बराच खाली. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांसमोर तुरीने भरलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि २२ एप्रिल २०१७ ला खरेदीची मुदत संपली, तेव्हाही अनेकांचा माल रांगेतच होता. आदल्या वर्षीच्या भावाची आठवण ठेवून जे थांबले, त्यांचं नुकसान झालं.

२०२३ मध्ये उलटं झालं. जानेवारीत सात हजारांच्या आसपास असलेली तूर पावसाळ्यात दहा हजारांच्या वर गेली. वर्षाच्या शेवटी मोझांबिकच्या बंदरांत भारतासाठीचा माल अडकून पडला, टंचाई वाढली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात भाव बारा हजारांच्या आसपास पोहोचले. यावेळी थांबणाऱ्यांनी कमावलं.

मग तिसरा हंगाम. २०२४ च्या उन्हाळ्यात 'अजून वर जाईल' म्हणून ज्यांनी पोती उघडली नाहीत, त्यांना २०२५ च्या सुरुवातीला तूर ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली आलेली पाहावी लागली.

म्हणजे गेल्या वर्षीचा अनुभव पुढच्या वर्षी कामाला येईलच असं नाही. उलट चढ्या भावाचं वर्ष स्वतःच पुढच्या मंदीची पेरणी करतं, कारण तो भाव पाहून सगळेच तेच पीक घेतात.

तुरीचा भाव करमाळ्यात ठरत नाही

भारत जगातला सगळ्यात मोठा तूर उत्पादक आहे आणि सगळ्यात मोठा आयातदारही. मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमार इथून तूर येते. मोझांबिकशी तर २०१६ मध्ये सरकारी पातळीवर आयातीचा करारच झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये, त्या मंदीनंतर, सरकारने आयातीवर मर्यादा घातली. मे २०२१ मध्ये ती उठवून आयात खुली केली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली. जून २०२३ मध्ये भाव भडकल्यावर घाऊक व्यापाऱ्यांना २०० टनांची साठामर्यादा लावली, सप्टेंबरमध्ये ती ५० टनांवर आणली. ही मर्यादा शेतकऱ्याच्या घरातल्या मालाला लागू नव्हती. पण व्यापाऱ्याला साठा करता येत नसेल तर तो खरेदीत हात आखडता घेतो आणि त्याचा फटका यार्डातल्या सौद्याला बसतोच.

त्यात पिवळ्या वाटाण्याची भर. हा वाटाणा मुख्यतः हरभऱ्याला पर्याय आहे, पण स्वस्तात आला की सगळ्याच डाळींचा भाव ओढून खाली आणतो. डिसेंबर २०२३ पासून त्याची आयात शुल्काविना सुरू होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलं.

इथे एक गोष्ट लक्षात येते. भाव फार वाढला की शहरी ग्राहकासाठी सरकार पटकन हलतं, फार पडला की शेतकऱ्यासाठी त्यामानाने उशिरा. त्यामुळे वरच्या टोकाला फार काळ थांबणं हे खालच्या टोकाला थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरतं. शिवाय आफ्रिकेतली तूर आपल्याकडे पावसाळा सरता सरता यायला लागते. तोवर माल घरात असेल, तर त्याची स्पर्धा शेजारच्या गावाशी नसून जहाजातल्या मालाशी असते.

पुढच्या महिन्यांचा भाव आधी दाखवणारा वायदे बाजारही तुरीच्या मदतीला नाही. तूर आणि उडदाच्या वायद्यांवर जानेवारी २००७ पासून बंदी आहे.

थांबायला किती खर्च येतो?

पुढचा भाव कुणालाच माहीत नसतो. थांबण्याचा खर्च मात्र आजच काढता येतो, आणि तोच बहुतेक घरांत काढला जात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा घरात २० क्विंटल तूर आहे आणि आजचा भाव ७,००० रुपये. म्हणजे हातात येऊ शकणारे १ लाख ४० हजार. तेवढीच उधारी खतवाल्याची आणि हातउसनी मिळून आहे, महिना २ टक्के व्याजाने. तीन महिने थांबलं तर व्याज झालं ८,४०० रुपये. बारदाना आणि कीडनाशक धुरी यांचे ६०० धरू. आता वजन. मळणीनंतर तुरीत १२ टक्के ओलावा होता आणि उन्हाळ्यात तो १० टक्क्यांवर आला, तर २० क्विंटलचे १९.५६ क्विंटल उरतात. ४४ किलो नुसते वाळून गेले.

सगळं धरून तीन महिन्यांनी किमान ७,६१८ रुपये भाव मिळाला, तरच आज विकल्याइतके पैसे हातात पडतात. 'सहाशे रुपये जास्त मिळाले' म्हणून खूश होणारा शेतकरी प्रत्यक्षात अठरा रुपये तोट्यात असतो. कीड लागून दाणे पोखरले गेले तर आणखी खाली.

उधारी नसेल तर हेच गणित बरंच हलकं होतं. म्हणून 'अमक्याने थांबून कमावलं' हे ऐकताना अमक्यावर कर्ज किती होतं, हे आधी विचारायला हवं. पीककर्जाचंही तसंच. राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. भाव वाढण्याच्या आशेने मुदत चुकवली तर ती सवलत जाते आणि खातं थकबाकीत गेल्यावर पुढच्या खरिपाचं कर्जही अडतं.

तारण कर्ज: विकायचं नाही, पण पैसे हवेत

या पेचासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. शेतकऱ्याने माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि त्यावर कर्ज घ्यायचं. तूर, उडीद, मूग, सोयाबीन, हरभरा अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते; ज्वारी, बाजरी, मका, गव्हावर ५० टक्के. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांतला कमी असेल तो धरतात. मुदत १८० दिवस, व्याज वर्षाला ६ टक्के. मुदत उलटली की व्याजदर चढत जातो. व्यापाऱ्याच्या मालाला ही योजना नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. ७५ टक्के म्हणजे १ लाख ५ हजार रुपये. त्याचं तीन महिन्यांचं व्याज १,५७५. उरलेल्या ३५ हजारांच्या उधारीवर महिना २ टक्क्यांनी २,१००. आता बरोबरीचा भाव ७,६१८ वरून ७,३७६ वर येतो. क्विंटलमागे सुमारे अडीचशे रुपयांचा फरक, आणि दारात येणारा सावकारही टळतो.

एवढं चांगलं असताना सगळे ती का घेत नाहीत? लहान शेतकऱ्याला दहा-बारा पोत्यांसाठी गाडीभाडं करून माल यार्डात नेणं आणि कागद करणं परवडत नाही. सातबारा लागतो, माल सुकवून चाळून न्यावा लागतो. शिवाय प्रत्येक समितीत गोदाम आणि निधी कायम उपलब्ध असतो असं नाही, त्यामुळे मळणीआधीच चौकशी केलेली बरी. दुसरा मार्ग राज्य वखार महामंडळाच्या किंवा इतर नोंदणीकृत गोदामाचा. तिथे मालाची इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि तिच्यावर बँक कर्ज देते.

तारण घेतलं म्हणजे भाव वाढेलच, असं मात्र नाही. भाव पडला तरी कर्ज तेवढंच राहतं.

ज्वारीचं वेगळंच

रब्बी ज्वारीला दिल्लीचे निर्णय तुरीइतके हलवत नाहीत. मालदांडीसारखी शुभ्र, टपोरी ज्वारी परदेशातून येत नाही. ती पिकते सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव, बीड या पट्ट्यात आणि बरीचशी खपतेही महाराष्ट्र-कर्नाटकातच. त्यामुळे तिचा भाव इथल्या पावसाकडे बघतो. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३,७४९ रुपये आहे, पण चांगल्या प्रतीची ज्वारी एरवी त्याच्या वरच विकली जाते.

आवक फेब्रुवारी ते एप्रिल. ज्वारी थांबवणाऱ्याची खरी तारीख मात्र सप्टेंबरअखेरची, हस्त नक्षत्राची. हस्ताचा पाऊस चांगला झाला की नवा पेरा साधतो, साठेवाले माल बाहेर काढतात आणि जुन्या ज्वारीचा भाव नरमतो. पाऊस हुकला की उलटं. २०२३ मध्ये तो हुकला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, बार्शी, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके होते.

पूर्वी ज्वारी वर्षानुवर्षं थांबवण्याची सोय गावातच होती. जमिनीत खोल पेव खणायचं, कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतून तोंड मातीने लिंपायचं. हवा न मिळाल्याने आत कीड जगत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हा नियम जिवावरचा होता, कारण आत कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरून मरतो. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण म्हणतो, ते यावरूनच. आता पेवं बुजली आणि ज्वारी पोत्यात आली. पोत्यातली ज्वारी पावसाळ्याच्या दमट हवेत पोरकिड्यांच्या तावडीत सापडते.

ज्वारीबरोबर कडबाही असतो. शेकड्यावर विकल्या जाणाऱ्या या पेंढ्यांचा भाव हिरवा चारा सुरू होईपर्यंत टिकतो आणि जुलैत उतरतो. दाणा थांबवायचा असेल, तर कडबा विकून हातखर्च भागवणं ही इथली जुनी रीत आहे. दारात जनावरं असतील तर मात्र तोही विकता येत नाही.

उडदाबद्दल फार विचार करायला जागाच नसते. तो ऐन पावसात निघतो, ओला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते.

हमीभाव आणि छापलेला भाव

२०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये आहे. तो मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर. त्यासाठी आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, म्हणजे ई-पीक पाहणी वेळेत केलेली हवी. ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि क्षेत्रानुसार किती माल घेणार याची मर्यादा असते. तुरीसाठी नाफेडचं ई-समृद्धी पोर्टल जानेवारी २०२४ पासून आहे. पैसे मिळायला वेळ लागू शकतो, तो धरून वरचं गणित मांडावं. आपण विकणार नाही असं वाटत असलं तरी नोंदणी करून ठेवण्यात तोटा नाही. भाव पडला तर तेवढा एक टेकू राहतो.

बातमीतला 'उच्चांकी भाव' हा बहुतेकदा एखाद्या निवडक ढिगाचा असतो. बाजार समित्यांच्या रोजच्या आकड्यांत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. पाहायचा तो सर्वसाधारण. सोबत आवकही पाहावी. पाच क्विंटलच्या आवकेवर निघालेला दर आणि पाचशे क्विंटलवर निघालेला दर सारखा विश्वासाचा नसतो. बार्शी, जामखेड, सोलापूर इथला दर जास्त दिसला, तर त्यातून गाडीभाडं, हमाली आणि तोलाई वजा करून मगच तुलना करायची.

करमाळ्यासारख्या भागातला अनुभवी शेतकरी बहुतेकदा सगळा माल एकदम घालत नाही. देणी भागतील इतकी पोती मळणीनंतर लगेच विकतो, काही मे-जूनमध्ये बियाणं-खताच्या वेळी, आणि झेपलंच तर थोडी त्यापुढे. यात त्याला वर्षाचा सर्वांत चांगला भाव सगळ्या मालाला कधीच मिळत नाही, सर्वांत वाईटही मिळत नाही. शेवटच्या पोत्यांसाठी तो आधीच एक आकडा आणि एक तारीख ठरवून घेतो: इतका भाव आला तर, नाहीतर तुरीसाठी आफ्रिकेचा माल यायच्या आत आणि ज्वारीसाठी हस्ताच्या आत. तारीख उलटली की भाव काहीही असो, गाडी यार्डाकडे निघते.